दुसरा काटा

आमच्या सातारा भागात ऊस कारखान्याला घालायच्या आधी बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून घेतात. सगळेच घेतात असं नाही, पण आमचे आण्णा घेतातच. आण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त होऊन शेतीला लागलेले. त्यांच्यापाशी काटा मारायची, म्हणजे वजनात फसवायची, कुणाची टाप नाही. मला त्याचा लहानपणापासून भारी तोरा.

सांगलीत राहून मी कॉम्प्युटर शिकले आणि पुण्यातल्या कंपनीचं काम गावातच, घरी बसून करू लागले. सगळी मदार घरातल्या इंटरनेटवर. लाईन शंभर एमबीपीएसची. एकदा फाईल उतरत असताना आण्णा चष्मा चढवून मागं उभे राहिले. वेगाचा आकडा बाराच्या पुढं सरकेना.

"शंभराची लाईन आन् बारा? काटा मारला की गं लाईनवाल्यानं! उद्याच तोडून टाकतो."

लाईन गेली की पुण्यात खोली बघणं आलं, आणि मला घर सोडायचं नव्हतं.

"आवं आण्णा, लाईनवाला बिट मोजतो, फाईल बाइटात मोजत्यात. आठ बिटांचा एक बाइट. त्यो सुटा ऊस मोजतोय, कॉम्प्युटर मोळ्या. आठ उसांची मोळी बांधली तर शंभरात किती हुतील?"

"बारा. वर चार ऊस उरलं," आण्णा पटकन म्हणाले. मग थांबून, "हिशोब बरोबर हाय. पर दुसरा काटा पायजे."

मला असा राग आला! एवढी शिकले, ती दुसऱ्या काट्यावर चढायला? तरी लॅपटॉप घेऊन गाडीवर मागं बसले. आण्णांच्या मित्राकडं दुसऱ्या कंपनीची लाईन होती, तीही शंभरचीच. तिथंही आकडा बारावरच अडला. आमची लाईन राहिली आणि मीही घरी राहिले.

पुढं एकदा आण्णा आणि मी डेअरीत दूध घालायला गेलो, तेव्हा शेजारचे काका कुरकुरत होते. त्यांच्या नव्या लाईनचाही आकडा कमी दिसत होता. मी त्यांना मोळ्यांचा हिशोब सांगितला.

"असंल," काका म्हणाले, "तरी दुसरीकडं तपासून बघतो."

आण्णा दुधाची किटली उचलता उचलता थांबले.

"कशाला? माझ्या पोरीनं सांगितलंय न्हवं? मग दुसरा काटा लागत न्हाई."