नातीने विचारलेला शब्द

उस्ताद लाकडाला पॉलिश करायचा. मी सुतार. दार मी घडवायचो, चमक तो आणायचा. आमचं पटलं, कारण अर्धवट काम दोघांनाही खपत नसे. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा त्याचा नियम. मालक कितीही नाचला तरी हा बिडी ओढत बसे. "लाकूड सांगेल तेव्हा," म्हणे.

म्हणून त्याच्या शेजारणीने निरोप धाडला, की उस्ताद आपल्याच ओल्या पॉलिशमुळे खोलीत अडकलाय, तेव्हा मला थट्टाच वाटली.

गेलो. दार चौकटीला चिकटलं होतं. बाहेरून फटीत पटाशी घातली, खांदा लावून रेटलं, तेव्हा उघडलं. आतून दारभर, कडांवरसुद्धा, पॉलिशचे थर. खालचा ओला असताना वरचा दिलेला. बोट लावलं तर रुतलं. असलं काम शिकाऊ माणसानेही केलं नसतं.

"कुणी केलं हे?"

"मीच."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"काय करू, मिस्तरी? घरात एवढंच लाकूड आहे."

बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. हात थांबले की खोली खायला उठायची. एकुलती मुलगी लांबच्या शहरात, नोकरीला नुकतीच लागलेली.

मी कड खरवडायला घेतली. तो बाजूला स्टुलावर बसला.

"काल नातीने फोनवर इंग्रजीत विचारलं, नाना, तुम्ही लोनली आहात का? मला कळेना. तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, अब्बा, तनहा. मी म्हटलं, छे!"

"खोटं कशाला बोललास?"

"खोटं कसलं? तनहा शायराला शोभतं, त्याला टाळ्या पडतात. पॉलिशवाल्याने म्हटलं तर लोक विचारतील, गझला कधीपासून लिहायला लागलास?" तो हसला. मग हसू ओसरलं. "आमच्या घरात स्वतःबद्दल तो शब्द कुणी काढलाच नाही. अब्बांच्या मागे अम्मी एवढंच म्हणायची, जी नहीं लगता."

"आम्ही करमत नाही म्हणतो."

"तेच ते."

"मग तेच सांग की लेकीला."

"सांगितलं तर नोकरी टाकून येईल. तिच्या आईचाच स्वभाव."

"आणि नाही सांगितलंस तर मी रोज पटाशी घेऊन येऊ? गुडघे गेलेत माझे."

तेवढ्यात फोन वाजला. नातच होती. उस्तादला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा. मलाही ऐकू येत होतं. नाना, कसे आहात, असं तिने विचारलं. उस्ताद माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घालून खरवडत होतो.

"बेटा," तो म्हणाला, "नाना का जी नहीं लगता."

पोरीला काही उमगलं नाही. तिने ते जसंच्या तसं ओरडून आईला सांगितलं. तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि लेक फोनवर आली. मी पटाशी थांबवली.

शनिवारी सुट्टी आहे, येते, ती म्हणाली. उस्ताद म्हणाला, येऊ नकोस, नोकरी नवी आहे. मग ती बोलत राहिली आणि तो नुसता ऐकत राहिला. पुन्हा नको म्हणाला नाही.

"शनिवारची गाडी," त्याने विचारलं, "सकाळी पोचते की दुपारी?"