गाडी गेल्यावरचा गोल

बाबांच्या जुन्या घड्याळाला आज चावी देताना गुढियारीचं रुळांलगतचं मैदान आठवलं. आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, पण आमची फुटबॉलची मॅच अजून संध्याकाळच्या पॅसेंजरवरच संपायची. गाडी गेली की खेळ खतम. म्हणून वेळ काढायचा असला की मी बॉल सरळ मालधक्क्यात मारायचो, तो शोधून आणेपर्यंत गाडी यायची. त्या वर्षी फायनलला रेफ्री होते माझेच बाबा, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. त्यांनी आधीच बजावलं, "आजपासून गाडीवर नाही, माह्या घड्याळावर. बॉल बाहेर गेला की काटा बंद." आम्ही हव म्हटलं आणि विसरलो. मॅच बरोबरीत सुटली तरी कप आमच्याकडेच राहणार होता. मी तीनदा बॉल मालधक्क्यात घातला, तीनदा बाबांनी चुपचाप चावी ओढून काटा थांबवला. मग पॅसेंजर धडधडत आली, मैदानावर धूळ उडाली आणि आम्ही नाचत सुटलो. आमचा गोलकीपरसुद्धा मला खांद्यावर घ्यायला धावला. शिटी मात्र वाजलीच नव्हती. समोरच्या टीमच्या, ब्राह्मणपाऱ्याच्या पोट्ट्यांनी मोकळ्या गोलात आरामात बॉल सरकवला, आणि कप गेला. घरी जाताना मी चिडून म्हटलं, "बाबा, गाडी तर गेली होती ना." ते म्हणाले, "गाडी गेली. तू मालधक्क्यात फेकलेले मिनिटं मी उचलून आणले." आजही टीव्हीवर जादा मिनिटांची पाटी वर झाली, की घरचे घड्याळाकडे बघतात, मी आधी गोलकीपर जागेवर आहे ना, ते बघतो.