डाव्या हातावरचे केस

काकांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, केस नसायचे. उजवा हात चांगला केसाळ आणि डावा मात्र जागोजागी साफ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भाजलं असेल बिचाऱ्यांचं. तसं काही नव्हतं. चाकूला धार लावून झाली की ते पातं त्या हातावर आडवं ठेवायचे, हलकेच ओढायचे, सुटलेल्या केसांवर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "झाली!" मग लगेच एक बोट वर करून, "पण धार काय, कुणीबी लावतं मॅडम. टिकते किती, ते बघायचं."

मॅडम म्हणजे मी. सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी असते आणि इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते. काका मूळचे चांदवडकडचे, जन्म सगळा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेलेला. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबला जातात, नातवंडं सांभाळतात. या गृहस्थाने खिशातले मिटणारे चाकू जमवायला घेतले. तुम्ही म्हणाल, हा काय छंद झाला? मीही तेच म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे.

एकदा डबा परत द्यायला वर आले, तर मी टोमॅटो चिरत होते. दारातच थबकले.

"मॅडम, ही सुरी हाय का फूटपट्टी?"

"चिरला जातोय ना टोमॅटो?"

"चिरला नाय जात. शरण येतोय तो."

सुरी घेऊन गेले आणि तासाभरात परत आणून दिली. त्याच संध्याकाळी माझं बोट कापलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेलं बोट त्यांच्या नाकासमोर नाचवत मी खाली भांडायला गेले, तर चेहरा कसा उजळला त्यांचा! "म्हणजे चांगली लागली!" म्हणाले. आता अशा माणसाशी काय भांडणार?

रविवारी त्यांच्या मागच्या अंगणात सामने चालायचे. पिंपळगाव बसवंतला त्यांच्या पुतण्याचं द्राक्षांचं पॅकहाऊस, तिथून टाकून दिलेली पुठ्ठ्याची खोकी टेम्पोतून यायची. सगळ्या चाकूंना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावायची. मग एकेका चाकूने खोक्याच्या पट्ट्या कापत जायचं. एक खोकं संपलं की वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद सर्रकन कापला गेला तर चाकू खेळात, फाटला तर बाद. कागद धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. हे कसं माझ्या गळ्यात पडलं, देव जाणे.

बाजारातला स्वस्त चाकू पहिल्याच खोक्यात गार व्हायचा. "हे पोलाद नाय, हे आश्वासन हाय," काका म्हणायचे. मग डी-टू पोलादाचा. त्याच पोलादाचे डाय, म्हणजे साचे, त्यांनी कारखान्यात जन्मभर केले, म्हणून त्याच्यावर घरच्या माणसासारखा जीव. "लय दमाचा गडी. पण लिंबू कापून तसाच ठेवला की रुसतो, डाग पडतो अंगावर." जपानी व्हीजी-टेनची धार देखणी, पण लवकर थकणारी. आणि एक निळ्या मुठीचा चाकू होता, परदेशातल्या मुलाने आणलेला. एम-थ्री-नाइन्टी म्हणतात त्या पोलादाला. पोलादाची आधी पूड करायची आणि ती दाबून पुन्हा पोलाद करायचं, असला काहीतरी खटाटोप. काका त्याला 'पावडरवाला' म्हणायचे. तो उघडताना 'टक्' असा भरदार आवाज व्हायचा. एका रविवारी सगळे चाकू बाद झाले तरी पावडरवाला कापतच होता. शेवटी खोकी संपली, धार नाही संपली. काकांनी तो हातावर ओढला, केस उडाले, आणि माणूस लहान पोरासारखा माझ्याकडे बघत राहिला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आता या पट्ट्या कोण उचलणार? भाजी चिरून द्या म्हटलं की यांची कंबर धरते. खोकी चिरायला बरी धरत नाही!"

काकू मनमाडच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांची माहेरची विळी होती. त्या विळीवर त्या गवार अशी झरझर चिरायच्या की बघत राहावं. नवऱ्याच्या चाकूंना त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नाही. खंडेनवमीला काका पाटावर सगळे चाकू ओळीने मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं. काकू येऊन आपली विळी सगळ्यांच्या पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता करा पूजा. तुमची खेळणी मागे राहू द्या." काका निमूट पूजा करायचे. धारेबद्दल एक शब्द जरी चांगला बोलल्या असत्या काकू, तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं असतं. पण नाही म्हणजे नाही.

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी मीठ दोनदा, मग माझं नाव, मग आपला मजला. हळूहळू एवढंच राहिलं की, दुपारचा चहा झाला की त्या उठायच्या आणि भाजी चिरायला बसायच्या. का, तर पोरं शाळेतून येतील, भुकेली असतील. पोरं कसली! मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात, दोघांचे केस पांढरे व्हायला लागलेत.

एक दिवस मी सहज खाली गेले, तर काकू विळीवर बसलेल्या, ताटात गवार आणि गवारीवर रक्त. बोट चांगलं खोल कापलेलं. त्यांना पत्ताच नाही, चिरतायत आपल्या. मी पदर त्या बोटाला गुंडाळला. काकांनी त्याच दिवशी विळी माझ्या माळ्यावर आणून ठेवली.

पण काम काढून घेतलं तर काकू घरात थांबेनात. चहा झाला की "पोरांना आणते" म्हणून सरळ रस्त्याला. एकदा दोन तास सापडल्या नाहीत. काका एका पायात चप्पल, एका पायात स्लीपर अशा अवस्थेत पाथर्डी फाट्यापर्यंत धावत गेले. काकू सापडल्या पोरांच्या जुन्या शाळेच्या फाटकापाशी, ट्रक-रिक्षांच्या गर्दीत उभ्या. हातात धारेचं काही दिलं तर बोटं कापून घेतात आणि नाही दिलं तर घर सोडतात. सांगा, काय करायचं माणसाने?

प्लॅस्टिकची सुरी देऊन पाहिली. काकूंनी ती भिरकावली. "मी काय भातुकली खेळतेय?" स्वयंपाकघरातली बोथट सुरी दिली, तर काम झाल्यावर ती त्यांनी कुठेतरी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उशी झटकताना काकांच्या हाताला लागली. तेव्हा काकांना मिटणारा चाकू सुचला. उघडून हातात द्यायचा, काम झालं की मिटून घ्यायचा, लपवला तरी कुणाला लागायची भीती नाही. आधी स्वस्तातला दिला. "हलका आहे, खोटा आहे," म्हणून तोही परत. एकेक करत सगळे हातात घेऊन झाले आणि काकूंना पसंत कुठला पडावा? निळ्या मुठीचा. पावडरवाला. तो 'टक्' आवाज ऐकून त्या चक्क हसल्या. "हा हातात भरतो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून दगडावर घासल्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं, लावतायत धार. आवाज थांबेचना, तेव्हा गॅलरीतून वाकून पाहिलं. काका कपडे धुवायच्या दगडापाशी उकिडवे बसून पात्याची धार दगडावर उभी घासत होते. मी खाली धावले.

"काका, हे काय करताय?"

"धार घालवतोय." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. बाजूला वर्तमानपत्र होतं. एक तुकडा उचलून त्यांनी चाकूने कापून पाहिला. सर्रकन कापला गेला. "जात नाय हो मॅडम. बघा ना. जात नाय."

"मग कानस मारा. नाहीतर तुमच्या जुन्या कारखान्यात ग्राइंडरवर धरा, दोन मिनिटांत होईल."

"कानस घसरते याच्यावरून. आन् ग्राइंडरवर पोलाद जळंल ना. मग पुन्हा धार धरायचं नाय ते." थोडा वेळ घासत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "उद्या ती बरी झाली तर परत लावून देता आली पायजे."

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. काकूंना डॉक्टरकडे नेताना दर वेळी मी बरोबर असायचे. मी आपली शेजारी बसले आणि वर्तमानपत्राचा कागद धरला. दर थोड्या वेळाने काका कापून बघायचे. रविवारच्या सामन्यासारखंच सगळं, फक्त कागद फाटावा म्हणून आम्ही दोघं देवाचा धावा करत होतो. चार दिवस लागले त्या धारेला जायला.

मग रोजचा क्रम ठरला. काका सकाळीच बटाटे उकडून ठेवायचे, कारण त्या चाकूने दुसरं काय चिरलं जाणार? चहा झाला की काकूंपुढे ताट आणि हातात निळा चाकू. दोन बटाटे झाले की काकू थांबायच्या. "अहो, धार गेली याची. लावून द्या बघू."

आयुष्यात पहिल्यांदा बायको धार लावून मागत होती! काका चाकू घेऊन मागे जायचे, पात्याची पाठ दगडावर घासून नुसता आवाज करायचे, सदऱ्याला पुसायचे आणि परत येऊन काकूंच्या समोर डाव्या हातावर ओढायचे. मग फुंकर. "झाली! लय भारी झाली." काकू मान हलवून पुन्हा बटाटे कुस्करायला लागायच्या. त्या सदऱ्याच्या बाहीखाली मला एक दिवस दिसलं, काकांच्या डाव्या हातावर केस आले होते. दाट, पांढरे, सगळीकडून. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

जेवायला रोज बटाटा. काकांना मधुमेह. "कालही बटाटाच होता का हो?" काकू विचारायच्या.

"छे! काल भरली वांगी नव्हती का केलीस? अजून चव हाय तोंडात."

"तिखट झाली होती जरा," काकू म्हणायच्या.

"जराशी."

काका या हिवाळ्यात गेले. झोपेत, कुणाला न सांगता. काकू त्यांच्या उशाशी चहाचा कप ठेवून "उठा, निवतोय" म्हणत होत्या, तो कप मी उचलला. मुलगा आला, सगळं रीतसर झालं. काकूंना पुढे कुठे ठेवायचं हे भाऊ-बहिणीचं ठरेपर्यंत तो रजा काढून इथे राहिला होता.

तेरावं झालं आणि दुपारी तो वर आला. चेहरा रडवेला. "ताई, आई दारात उभी आहे. पोरांना आणते म्हणते. मी तिचा मुलगा आहे हे मी तिला कसं सांगू?"

मी खाली गेले. बटाटे उकडले. चाकू काकांच्या सदऱ्याच्या खिशातच सापडला, खुंटीवर अजून लटकत होता तो सदरा. 'टक्' वाजला तशा काकू दारातून वळल्या, येऊन बसल्या, ताट ओढलं. मला हायसं वाटलं. दोन बटाटे झाले आणि त्या थांबल्या.

"धार गेली याची. लावून द्या."

मी मागे गेले. त्यांच्यासारखीच उकिडवी बसले, पात्याची पाठ दगडावर घासली, पदराला पुसली आणि चाकू आणून काकूंपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. मग माझा डावा हात ओढून जवळ घेतला, चाकू माझ्या हातातून काढून पातं त्या हातावर आडवं ठेवलं आणि अगदी हलकेच ओढलं. पातं घसरत गेलं. काकूंनी वाकून फुंकर मारली. उडायला काही नव्हतंच.

"नाही झाली," त्या म्हणाल्या. "तुला नाही गं जमायचं. ह्यांच्यासारखी धार कुणाला येत नाही. ह्यांना येऊ दे."

अगं बाई, हे एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडावर बोलली असतीस! मी "बरं," म्हटलं.

काकूंनी चाकू ताटात ठेवला, हात पदराखाली घेतले आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. मुलगा उभा होता, तोही येऊन खाली बसला. बटाटे गार होत होते आणि आम्ही तिघं काकांची वाट बघत बसलो.