नीलव्वाचा मी गिळलेला प्रश्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही, आणि मॅडमना तर नाहीच – त्यांना सांगायला तोंड कुठंय? तुम्ही आपलं माणूस म्हणून बसलाय, तर सांगते.

मी धाराशिवला विद्यापीठात फौजदारी न्याय शिकते. गावाकडं विचारतात, म्हणजे पोलीस होणार का वकील? दोन्ही नाही म्हटलं की म्हणतात, मग कशाला एवढी घोकंपट्टी! आमचा मुख्य विषय असा – गुन्हा झाला की नुसत्या शिक्षेनं भागत नाही. ज्याचं नुकसान झालं आणि ज्यानं केलं, त्यांना समोरासमोर बसवायचं. सगळ्यांनी गोल करायचा, एक वस्तू हातोहात फिरवायची. ती ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. किती आवडलं होतं मला ते! अजूनही आवडतं – खरंच.

दुसऱ्या वर्षी अशी एक बैठक प्रत्यक्ष घडवून आणायची होती. आणि आमच्या गावात – मुरूमच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला – नेमकी तेव्हाच नीलव्वाची गाय चोरीला गेलेली.

नीलव्वा आमची शेजारीण. एकटी बाई. आई शेतात जायची तेव्हा मी तिच्याच घरात वाढले. कन्नड मला तिनंच शिकवलं, शिव्यांसकट. तिला मराठी सगळं कळतं, पण मनातलं बोलायचं झालं की कन्नडच. ती गाय, चंद्री, तिच्याकडंच जन्मलेली, तिची आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आम्हा दोघींना ती एकाच सुरात रागवायची आणि एकाच सुरात लाडानं बोलवायची.

गाय विकली दत्तानं. तेरखेड्याकडचा गडी, गावात ट्रॅक्टर चालवायला आलेला, दारूच्या नादी लागलेला. सापडला, पाया पडला, पण गाय कुणाला विकली ते काही सांगेना. शेवटी ट्रॅक्टरच्या मालकानं दुसरी गाय आणून नीलव्वाच्या दावणीला बांधली, म्हणून पोलिसात जायचं टळलं. नीलव्वा त्या गाईला वैरण घालायची, तिची धार काढायची. नाव मात्र तिनं ठेवलं नाही.

बैठक महादेवाच्या देवळात घेतली. नीलव्वा, दत्ता, मालक, आम्हाला हा विषय शिकवणाऱ्या मॅडम, बाहेरून आलेले परीक्षक आणि मी. वर्गात आम्ही पेन फिरवायचो, इथं मी शहाणीनं नारळ आणला – आणि दत्ता चपापलाच! आमच्याकडं देवासमोर नारळ हातात घेऊन बोलायचं म्हणजे शपथ. मॅडमना हे कुठलं माहीत? त्यानं नारळ कपाळाला लावलेला बघून त्यांचेच डोळे भरून आले. चुकलो म्हणाला, ढसाढसा रडला. परीक्षक माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

मग नारळ नीलव्वाकडं आला. ती कन्नडमधून सावकाश बोलली, माझ्याकडं बघत – मराठीत मीच सांगायचं होतं ना! म्हणाली, गाय बदलून मिळाली, चांगली आहे. पण माझी चंद्री कुठं आहे ते ह्याला विचार. मला तिला एकदा बघायचंय. ते कळल्याशिवाय माफी नाही.

एवढंच. तिनं नारळ माझ्या हातात दिला.

आणि मी – कसं सांगू? – मी म्हटलं, "नीलव्वा म्हणतात, गाय बदलून मिळाली, चांगली आहे. झालं गेलं सोडून देऊ."

का? विकत घेणाऱ्याचं नाव निघालं तर भांडण पेटेल, ही भीती होती. खोटी नव्हती. पण त्याहून खरं सांगू? बैठक इतकी देखणी चालली होती, आणि ती मी घडवली होती. मला शाबासकी पाहिजे होती, दुसरं काही नाही. कन्नड मालकालाही येत होतं. पण प्रकरण मिटणं त्याच्या सोयीचंच होतं, त्यानं मला दुरुस्त केलं नाही. आणि नीलव्वा? तिला तर माझा शब्द न् शब्द कळला. दत्ता पायाशी वाकला होता, सगळे वाट बघत होते. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर म्हणाली, "विचारलं नाहीस गं."

"विसरले," मी म्हटलं. विसरले म्हणे!

ती "हं" म्हणाली आणि माझ्यापुढं भाकरी, शेंगाची चटणी, दही ठेवलं. परीक्षेनं पोरीचं तोंड सुकलंय, खा म्हणाली. मी पोटभर जेवले. पुढं मॅडमनी खालच्या वर्गाला माझ्याच बैठकीचा दाखला दिला. तेव्हाही मी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात धाराशिवच्या बसस्टँडवर दत्ता भेटला. दारू सोडली होती त्यानं, तब्येत सुधारली होती. हट्टानं चहा पाजला. बोलता बोलता म्हणाला, "ताई, नारळ हातात आला तवाच म्या ठरवलं व्हतं, म्हातारीनं इचारलं की सांगून टाकायचं. पर तिनं तर माफच केलं. लई मोठं मन. मग म्हटलं, कशाला उगं?"

मी विचारलं, कुठं होती गाय?

शिवेपलीकडच्या वस्तीवर. आमच्या गावातून चालत जाता येतं तिथं. दिवाळीपर्यंत चंद्री तिथंच होती, मग त्या माणसानं ती बाजारात विकली. आता ती कुठं असेल, कुणालाच ठाऊक नाही. आमची बैठक श्रावणातली.

सुट्टीत गावी गेले की मी नीलव्वाकडंच बसते. ती माझ्या केसांना तेल लावते, होस्टेलच्या जेवणाला नावं ठेवते, लग्नाचं विचारून छळते. रस्त्यानं जनावरं निघाली की बोलणं अर्धं टाकून दारात जाते आणि हाक मारते – "चंद्री!" एखादी तरी मान वळेल म्हणून थांबते. जनावरं निघून जातात. ती परत येऊन माझी वेणी हातात घेते. त्या जनावरांत चंद्री नसणार, हे मला माहीत असतं. तिला नीट घालता यावी म्हणून मी मान खाली घालते.