मामांचं क्राऊन-पिनियन

अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या या अवाढव्य कॅनडात आमच्या हिच्या मामांइतका चिकित्सक आणि निर्णयाला घाबरणारा माणूस दुसरा नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मामा मूळचे नागपूरचे. ग्वेल्फच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी गियरचे दात तपासले. दात मोजायचे, केसभर फरक दिसला की लाल खडूने फुली मारायची आणि बाजूला काढायचं, एवढंच काम. रिटायर होऊन ते स्कारबरोला राहायला आले, पण हातातला खडू काही सुटला नाही. ग्रोसरीला गेले की कोथिंबिरीची एक जुडी निवडायला त्यांना जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मामी दूध, दही, तांदूळ घेऊन, ओळखीच्या दोन बायकांची चौकशी करून पार्किंगमध्ये येऊन उभ्या असतात. विंटर टायर कोणते घ्यावेत याचा अभ्यास त्यांनी एकदा ऑगस्टात सुरू केला आणि टायर घरी आले तेव्हा बर्फ वितळत होता. आमचं लग्न ठरताना, मी टोरोंटोत नवा असल्यामुळे, मला बघायला हेच आले होते. अडीच तास माझ्याकडे पाहून त्यांनी हिच्या आईला फोनवर कळवलं, "मुलगा चालेल असं वाटते. पण मी अजून विचार करून राहिलो." लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यांचा अंतिम निकाल अजून माझ्या कानावर आलेला नाही.

अशा माणसाच्या हाती मसल कार लागली. मसल कार म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची ती दोन दारांची अमेरिकन गाडी, जिच्या अंगाच्या मानाने इंजिन फारच दांडगं असतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ग्वेल्फबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमधून मामांनी ती उचलून आणली. रंग गर्द हिरवा, सीटं काळी, बाकी सगळं ठणठणीत. फक्त मागच्या आसातल्या क्राऊन-पिनियनचे दात झिजलेले. मामांना झिजलेले दात दिसले आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात एक नवा विषय शिरला. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो ना, त्यात ही गियरची जोडी बसते. चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरावा, हे ती ठरवते. आकडा मोठा, म्हणजे चाराहून जरा जास्त, मामांच्या भाषेत ‘फोर-टेन’ असेल, तर सिग्नल सुटताच गाडी उसळी मारते, पण हायवेवर इंजिन नुसतं किंचाळत राहतं. आकडा लहान, तीनाहून जरासाच जास्त, ‘थ्री-झिरो-एट’ असेल, तर गाडी निघताना जरा सुस्त, पण हायवेवर शांत. दोन्ही सुखं एका जोडीत मिळत नाहीत. बस, एवढीच गोष्ट. ती ठरवायला मामांना आठ वर्षं लागली आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर चढून, चाकं अधांतरी सोडून उभी होती.

या आठ वर्षांत मामांनी कोणाला विचारलं नाही ते विचारा. इंटरनेटवर अल्बर्टापासून टेक्सासपर्यंतच्या अनोळखी लोकांशी पत्रव्यवहार केला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका दातांच्या डॉक्टरला गाठून त्याचं मत घेतलं, का तर दातांचा प्रश्न आहे. मला तर दर रविवारी फोन असायचा. "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरवाले. मला सांगा, फोर-टेन का थ्री-झिरो-एट?" मी बापडा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस, माझी स्वतःची गाडी ऑइल चेंजला द्यायची आठवण हीच करते. एका रविवारी वैतागून मी "फोर-टेन" म्हणून मोकळा झालो, तर पुढच्या रविवारी "का?" असं विचारायला पुन्हा फोन. ग्वेल्फला त्यांच्या कारखान्यातला एक जुना गोरा सहकारी आता मेकॅनिकचं काम करतो. त्याने मात्र उलटा प्रश्न केला होता, की गाडी वापरणार कशासाठी ते आधी सांग, मग मी आकडा सांगतो. मामांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला आणि पुढचं पान कोरं ठेवलं.

उत्तर घरातच होतं, पण मामींना विचारावं हे त्यांना सुचलं नाही. गाडी स्कारबरोच्या घरी आणली त्या दिवशी त्यांनी मामींना शब्द दिला होता की पहिली चक्कर ग्वेल्फची. दोघांनी कॅनडातला पहिला हिवाळा ग्वेल्फमध्ये एका बेसमेंटमध्ये काढला होता. नदीकाठी एक बाक होता, तिथे शनिवारी डबा घेऊन बसायचे. मामींना पुन्हा त्या बाकावर जायचं होतं, तेही रोजच्या गाडीने नाही, त्या हिरव्या गाडीतून. दर दसऱ्याला मामी गॅरेजमध्ये येऊन स्टँडवरच्या गाडीची पूजा करायच्या. मामांचा आग्रह असा, की कुंकवाचं एक बोट चाकाला आणि एक खालच्या दांड्याला. पूजा झाली की ते गाडीखाली आडवे होऊन म्हणायचे, "अगं, आता चाक एकदा फिरव," आणि दांड्यावरचं कुंकू किती वेळा समोर येतं ते मोजायचे. जुन्या झिजलेल्या जोडीचा तोच आकडा दर वर्षी यायचा, तो ते दर वर्षी वहीत लिहायचे. मामी आरतीचं ताट बाजूला ठेवून निमूट चाक फिरवायच्या. माझी बायको असती तर ताटासकट घरात गेली असती.

मग मामींचे कान बिघडले. उजवा आधीच गेला होता, डाव्यात यंत्र बसवलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हाही फार दिवस साथ देणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मामा गॅरेजमध्ये जाऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर वही मांडीवर होती, पण उघडलेली नव्हती. "आता उशीर नको," एवढंच म्हणाले. घाईचा त्यांना सराव नाही, आणि सराव नसलेला माणूस घाई करतो तेव्हा जे होतं तेच झालं. त्यांनी फोर-टेन मागवलं. उसळत्या गाडीचं स्वप्न बघणारा नागपूरचा पोरगा त्यांच्यात अजून जिवंत होता, दुसरं काय. ग्वेल्फच्या मेकॅनिकने घरी येऊन जोडी बसवून दिली आणि मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला.

गल्लीत गाडीने अशी उसळी मारली की मामा तरुण दिसले. पण ४०१ हायवेला लागलो, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर गेला आणि इंजिनाने जो सूर लावला तो काही केल्या सोडेना. मामींनी आधी कानावर हात ठेवला, मग यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. मामा त्यांना काहीतरी दाखवत होते, त्या भलतीकडेच बघत होत्या. "अगं, बाक अजून असेल का?" त्यांनी ओरडून विचारलं. "डबा डिकीत आहे," मामी म्हणाल्या. मामांनी तीनदा तोच प्रश्न विचारला आणि तिन्ही वेळा डब्याचाच पत्ता मिळाला. वाटेतल्या मिल्टनच्या आसपास त्यांनी गाडी हायवेबाहेर काढली आणि परत घराकडे फिरवली. मला त्यांची फार दया आली, आणि फोर-टेन सुचवणाऱ्यांत मीही होतो म्हणून स्वतःची लाजही वाटली.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नसती तर विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी ग्वेल्फला फोन लावला आणि मेकॅनिकला इंग्रजीत सांगितलं की गाडी बायकोशी बोलण्यासाठी वापरणार आहे. आकडा पलीकडूनच आला. आठवड्याभरात थ्री-झिरो-एट बसलं, आणि काढलेली फोर-टेनची जोडी खोक्यात घालून मामांनी खोक्यावर लाल खडूने फुली मारली. जूनमध्ये आम्ही पुन्हा निघालो. गाडी गल्लीतून अगदी निवांत निघाली, मागच्या मिनीव्हॅनने हॉर्नसुद्धा दिला. पण हायवेवर इंजिन नुसतं गुणगुणत होतं आणि पुढच्या सीटवर भांडण रंगलं होतं. विषय होता पहिल्या घरमालकाचा कुत्रा. मामींच्या मते तो पांढरा, मामांच्या मते तपकिरी. मी ग्वेल्फपर्यंत ऐकत होतो. बाक होता. डबा उघडला. गियर कसा वाटला, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "अरे, काट्याकडे बघायचं राहूनच गेलं."

दोन उन्हाळे ते असे बोलत हिंडले. गेल्या हिवाळ्यात डावा कानही गेला. आता मामा वहीत लिहितात, मामी वाचून मोठ्याने उत्तर देतात. परवा, बर्फ गेल्यावर, गाडी बाहेर काढायला मी गेलो होतो. मामी सीटवर बसल्या, कोपऱ्यातल्या फुली मारलेल्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मला आता कसलाच आवाज येत नाही. बसवून टाका की तुमचं ते फोर-टेन. किती हौसेनं आणलं होतं." मला वाटलं, आता पुन्हा आठ वर्षं. मामांनी वही घेतली आणि जराही विचार न करता लिहिलं. मला मागून दिसत होतं. ‘तुला येत नाही. पण तू बोलतेस ते मला ऐकू यायला पाहिजे.’

मामींनी ते वाचलं. मग चष्मा पुसला, पट्टा लावला, आणि गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडायच्या आत त्यांनी त्या पांढऱ्या कुत्र्यापासून बोलायला सुरुवात केली.