बुजगावण्याचं पिवळं जाकीट

कुंभिवलीचा धाकलू म्हणजे वाटेत सुतळीचा तुकडा दिसला तरी कमरेला खोचणारा माणूस. एकोणीसशे त्रेचाळीसच्या भादव्यात, महायुद्ध चालू असताना, डोंगरात लष्करी विमान पडलं. वैमानिक हवाई छत्र्यांनी उतरले, सोल्जर त्यांना घेऊन गेले. एकाचं जाकीट मात्र कारवीच्या झुडपात अडकून राहिलं. ते कुणाला सापडावं? धाकलूलाच! पिवळंधमक, रबरी, फुंकलं की फुगणारं. समुद्रात पडलेला माणूस तरंगावा म्हणून केलेलं. त्याला बांधलेला एक आरसा, वरच्या विमानाला खूण करायला.

चौक गावच्या दुकानदार पोपटशेठनं जाकिटाच्या बदल्यात, त्या टंचाईतही, रॉकेलचा अख्खा डबा देऊ केला. पुण्याकडे जाणारे गोरे असल्या वस्तू आठवण म्हणून हौसेनं घेतात, हे त्याला पक्कं ठाऊक. पण धाकलूच्या भातात दूध भरत होतं आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. त्यानं जाकीट फुगवून बुजगावण्याला चढवलं, आरसा गळ्यात अडकवला. बुजगावणं गावातल्या कुणाहीपेक्षा खातंपितं दिसू लागलं.

चौथ्या दिवशी एक विमान शेतावर तीन घिरट्या घालून गेलं. दुपारी बांधाशी जीप थांबली. सरकारी माल दडवला, आता तुरुंग, असं धाकलूनं धरूनच ठेवलं. 

"तवाच रॉकेल घेतलं असतंत तर?" त्याची बायको चंद्राबाई पुटपुटली.

"गप गं! जेलात दिवा सरकारच लावतंय."

गोरा साहेब चिखल तुडवत बुजगावण्यापाशी पोचला, त्याचा हात धरला. हातात पेंढा आला. तो बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"वरनं आरसा चमकला," बरोबरचा सातारी हवालदार म्हणाला. "साहेबाला वाटलं आपला आनखी एक माणूस अडकलाय. कुणी मेलं न्हाई, यातच खूश हाय. जाकीट तेवढं दे. ज्याचं हाय तो दवाखान्यात रोज त्याचीच आठवण काढतोय."

"म्हंजे जेल नाय?"

"न्हाई रं बाबा."

धाकलूनं पोटभर श्वास घेतला आणि लगेच मूळपदावर आला. "मंग माझी पाखरं कोन हाकनार? साहेबाला इचारा."

हवालदारानं जीभ चावत विचारलं. साहेबानं जाकीट उतरवून घेतलं, अंगातला खाकी शर्ट काढून बुजगावण्याला घातला आणि उघडाच जीपमध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी पोपटशेठ शर्टासाठी हजर. धाकलूनं तंबाखू मळता मळता सांगितलं, "भात घरात येऊ द्या. तवर साहेब ड्यूटीवर हाय."