पाचवा वादक

ज्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, त्या खोलीची लांबी-रुंदी, छत, फरशी आणि दार कुठल्या अंगाला आहे हे नुसत्या कानांनी सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच झाला, आणि मी त्यांचा भाडेकरू होतो. ती खोली पार इंग्लंडात होती. तिथं बसून चार पोरांच्या एका बँडनं आपली गाणी तबकडीवर चढवली होती. रॉक म्हणतात त्या जातीची गाणी; गिटारी, ढोल आणि नरड्याच्या शिरा ताणून गाणं. आमची पेठ तालमीची. सकाळी लाल माती, म्हशींचं दूध आणि भक्तिगीतं. पण रविवारी नऊ वाजले की आमच्या माडीवरून ही इंग्रज चौकडी सुरू व्हायची आणि रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून मान वर करून बघायचा.

आमचे घरमालक नगरपालिकेत ओव्हरसियर होते. जन्म गेला भिंती मोजण्यात. त्यामुळे गाणं ऐकतानासुद्धा ते सूर, ताल असल्या गोष्टींकडं नंतर बघायचे, आधी भिंत. "पावणं, ह्या आवाजाला भिंत हाय," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेव्हा माणूस जरा सरकलेला आहे असं वाटून मी कडी लावून झोपलो होतो. सात वर्षं राहिलो तरी मी त्यांचा पावणंच राहिलो. ते मला नावानं हाक मारत नसत, आणि मलाही ते बरं वाटे. पावण्याला कोणी हाकलत नाही.

हाकलतील ही धास्ती मला तेव्हा सदा असायची. सातवीतनं शाळा सुटलेली, चंदगडच्या डोंगरातनं एसटीनं उतरलेला, उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा मी. पावसाळ्यात घाट तुटला की गावाकडची खबर महिना महिना यायची नाही. आमची बोली ऐकली की कारखान्यातले हसत, म्हणून मी तोंड मिटून असे. खोली मागायला मालकांच्या दारात उभा राहिलो तेव्हा जात, पगार, ओळख विचारतील म्हणून उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्यांनी यातलं एकही विचारलं नाही. मला रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "आईला हाक मारा."

"काय?"

"गावात आईला कसं बोलवतासा? तसं बोलवा. लांब शेतात हाय असं समजून."

मी हाक मारली. शेवटाला गळा भरून आला. मालक डोळे मिटून भिंतीला टेकले होते. "पत्र्यावरच्या पावसाशी भांडून कमावल्याला आवाज हाय," ते म्हणाले. "खोली तुमची." आत काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, कोणाला तरी सांगत होत्या, "भाडेकरू मिळाला, बया. रडतोय, पण चांगला वाटतोय."

कुठल्याही घरात शिरल्या शिरल्या एक टाळी वाजवायची आणि ती परत कशी येते ते ऐकायचं, ही मालकांची सवय. लग्नघरात वाजवली तर खपून जाई. पण गल्लीत एकदा मयत झालं, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि ह्यांनी चौकटीत उभं राहून खणखणीत एक टाळी दिली. वर त्या घरातल्या थोरल्याला विचारलं, "माडीला पत्रा घातलासा व्हय?" काकूंनी त्या दिवशी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्याकडून वडीलधारं म्हणून तेच आले, कारण घाट तुटलेला. मुलगी चहा घेऊन यायच्या आधीच त्यांनी टाळी वाजवली. मुलीचा बाप दचकला. मालक माझ्या कानाशी लागले, "करा. ह्या घरात आवाज घुमत न्हाय. भांडण वाढायचं न्हाय." आज इतकी वर्षं झाली, खरोखरच वाढलं नाही.

पण त्यांचा खरा ध्यास ती खोली. त्यांच्याकडं स्पूलवर चालणारा एक जुना टेपरेकॉर्डर होता आणि त्या चौकडीच्या गाण्यांची एकच टेप. ती टेप त्यांना पेठ वडगावच्या दाजींनी दिली होती. दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कापडाचे व्यापारी. त्यांचा पुतण्या आगबोटीवर होता. टेप देताना "पोरानं विलायतेहनं आणलंय" एवढंच दाजी बोलले, आणि मालकांनी ती टेप दोन्ही हातांत अंगाऱ्यासारखी घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती बहीण, घरात सगळे तिला आक्का म्हणत, आजाराचं निमित्त होऊन गेली. मालकांचं वडगावला जाणं थांबलं. टेप मात्र थांबली नाही.

त्या टेपमधनं त्यांनी काय काय काढलं ते आठवलं की मी अजून थक्क होतो. एकदा म्हणाले, "माणसं चार, पण गळे सात ऐकू येत्यात. तीन कुठनं आले?"

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सासरची आली असतील. जेवायच्या वक्ताला येत्यातच."

मालक हसले नाहीत. शाळेतला दुसरा टेपरेकॉर्डर महिनाभर मागून आणला. एकावर माझा आवाज धरला, तो वाजवून त्याच्या जोडीला मला पुन्हा गायला लावलं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर धरलं. मला गाणं येत नव्हतं. मी गावाकडची, कापणीच्या वेळची भलरी म्हटली. वाजवून बघतो तर एका खोलीत तीन मी, दोन टेपमधले आणि एक ऐकणारा! इतक्या वर्षांत मला माझ्या बोलीत बोलणारं दुसरं माणूस कोल्हापुरात भेटलं नव्हतं. इथं दोन भेटले, आणि दोन्ही मीच. मालक खाटेवर उभे राहून ओरडले, "थर! पावणं, हे बांधकाम हाय. आधी पाया, म्हंजे ढोल. त्यावर जोतं. मग भिंती. आणि गळा सगळ्यात शेवटी, स्लॅबसारखा! एका दमात गायल्यालं न्हाय हे, बांधल्यालं हाय!" ज्याला इंग्रजी गाण्यातला एक शब्द कळत नव्हता त्यानं ते गाणं विटेविटेनं उतरवून पुन्हा रचलं होतं.

मग खोली. तिच्यासाठी आम्ही तालमीत ओरडलो, गुऱ्हाळातल्या रिकाम्या काहिलीत तोंड घालून ओरडलो, पन्हाळ्याच्या धान्यकोठारात ओरडलो. तिथं मी गायला लागल्यावर सहलीच्या पोरी किंचाळत बाहेर पळाल्या. प्रत्येक ठिकाणी मालक मान हलवत: "न्हाय. एवढी मोठी न्हाय." शेवटी त्यांचा नकाशा तयार झाला. खोली लांबट. वर लाकडी तक्तपोशी. एका अंगाला काहीतरी मऊ, भिंत झाकलेली. दार समोर नाही, डावीकडं.

आणि त्या खोलीत एक पाचवा माणूस.

हा पाचवा म्हणजे मालकांच्या संशोधनाचा कळस. एका संथ गाण्यात मध्येच, अगदी हलकी, काचेवर काच टेकावी तशी किणकिण यायची. थोड्या वेळानं परत एकदा. बस्स. मालक त्या जागेला बोट वर करत आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास धरायचा. "काय हात हाय ह्याचा!" ते म्हणत. "बाकीचे चौघं घाम गाळत्यात. हा सबंध गाण्यात दोनदाच वाजवतोय. पयल्यांदा दाराकडनं आत येतंय, दुसऱ्यांदा दाराकडं जातंय. चालत वाजवतोय बगा! आणि ह्याचं नाव कुणाला ठावं न्हाय." चौघांचे फोटो मासिकांत छापून यायचे, ह्या पाचव्याचा कुठंच नाही, याचं मालकांना मनापासून वाईट वाटे. त्याला न्याय मिळवून द्यायचा त्यांनी पणच केला होता.

तशी संधी आली. तालमीच्या गणपतीत दरवर्षी एक व्याख्यान असायचं. त्या वर्षीचा ठरलेला वक्ता आजारी पडला आणि कार्यकर्त्यांनी, निम्मं कौतुक नि निम्मी गंमत म्हणून, मालकांना विचारलं. पेठ त्यांना 'टाळीमास्तर' म्हणायची. मालकांनी नवा सदरा शिवला. "एकदा हे नीट सांगून झालं की मग येडा म्हणू देत," ते मला म्हणाले. मला त्यांच्याहून जास्त धडकी भरली होती. त्या गावात मला माणूस म्हणून उभं करणारा तो एकच माणूस, आणि त्याला हसायला अख्खी पेठ मांडी घालून बसणार होती.

सुरुवात झकास झाली. पाया, जोतं, भिंती, स्लॅब. गवंडीकाम करणारी माणसंसुद्धा माना डोलवायला लागली. मग मालकांनी पाचव्याची गोष्ट सांगितली. टेप लावली. बोट वर केलं. मांडवात चिडीचूप. किणकिण आली, आणि खरं सांगतो, पुढच्या रांगेतल्या पैलवानांनीसुद्धा माना वळवून दाराकडं बघितलं.

पेठेतले एक डॉक्टर नुकतेच इंग्लंडाहून शिकून आलेले. भला माणूस. ते आनंदानं उठले आणि म्हणाले, "अहो, हीच तबकडी माझ्याकडं आहे! यंत्रही आहे. अस्सल आवाजात ऐकवू या की सगळ्यांना." पोरं पळाली, घेऊन आली. तबकडी फिरायला लागली. आवाज कसा, तर धुतल्यासारखा. तीच गिटार, तेच गळे. मालकांनी बोट वर केलं. जागा आली. गेली. काही नाही. दुसरी जागा. काही नाही.

मागनं एक पोरगं ओरडलं, "मालक, पाचवा रजेवर गेलाय जणू!"

"गौरी आणायला गेला आसंल!" दुसरं.

मांडव फुटला हसण्यानं. डॉक्टर बिचारे लाल झाले, "तुमचं थरांचं सगळं बरोबर आहे हो, अगदी तसंच करतात," असं सांगत राहिले, पण ऐकतो कोण. मी मालकांकडं बघू शकत नव्हतो. मालकांनी हसू ओसरेपर्यंत वाट बघितली आणि मग माइकजवळ तोंड नेऊन एवढंच म्हणाले, "माझी खोली चुकली. पण ऐकू आलंय ते खोटं न्हाय. ते कुठं तरी हाय."

दोन दिवस ते जेवले न जेवल्यासारखे. टेपरेकॉर्डरवर फडकं. तिसऱ्या दिवशी काकूंनी ताट ठेवता ठेवता विचारलं, "ती टेप दिली कुणी?"

"दाजींनी."

"मग विलायतेला कशापायी जातासा? वडगावला जावा की."

रविवारी आम्ही दोघं एसटीनं वडगावला गेलो. दाजी थकले होते. मेव्हणा इतक्या वर्षांनी दारात बघून ते धडपडत उठून उभे राहिले. मालकांनी टेपचं विचारलं. दाजी म्हणाले, "आगबोटीवरच्या पोरानं तबकडी आणल्ती. त्याला परत पायजे हुती. मग मी वर माडीवर रेडिओग्रामवर लावली, समोर माइक धरला आणि तुमच्यासाठी उतरून घेतली. का वो?"

मालक तडक जिना चढले. दुकानाच्या वरची ती माडी; मालक पूर्वी यायचे ते खालच्या घरातच, इथं कधी चढले नव्हते. लांबट. वर लाकडी तक्तपोशी. एका भिंतीला छतापर्यंत कापडाचे तागे. दार डावीकडं. मालकांनी नेहमीसारखे हात वर केले, पण टाळी वाजवायला त्यांना वेळ लागला. वाजली तेव्हा अगदी हळू वाजली.

"हीच," ते म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माणसानं एक खोली तसूतसूनं बरोबर ओळखली होती. चुकलं होतं ते फक्त गाव. मी हळूच दाजींना विचारलं, त्या वेळी माडीवर आणखी कोण होतं.

"कोण न्हाय. मी एकटाच," दाजी म्हणाले. मग थांबून, "ही आल्ती की. च्या घेऊन. मी हातानंच खुणावलं, गप, आवाज करू नगंस, भावासाठी गाणं धरतोय तुझ्या. तर हितं चौकटीत थांबली उलीशी. हसली. आणि तशीच कप घेऊन माघारी गेली."

मालक त्या चौकटीकडं बघत उभे राहिले. डावीकडच्या. मग त्यांनी चौकटीला हात लावला, जसा भिंत मोजताना लावत तसा, आणि जिना उतरून खाली आले.

त्यानंतर डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला, अस्सल तबकडीवरून स्वच्छ टेप करून देतो म्हणून. मालकांनी आभार मानून नको सांगितलं. "तुमच्यात चारच हाईत," म्हणाले. पेठेतली पोरं पुढं कितीतरी दिवस "पाचवा आला का?" म्हणून विचारायची. मालक शांतपणे सांगायचे, "आला."

मी आता ते गाव सोडूनही पुष्कळ वर्षं झाली. मुलानं मला त्याच गाण्यांची कॅसेट आणून दिली आहे, झकझकीत. संथ गाणं आलं की मी त्या जागेला अजून श्वास धरतो, आणि गाणं तसंच पुढं निघून जातं. मग मला तो रविवार दिसतो. माडीवर टेप चाललेली, खाली परातीत काकूंच्या भाकरीची थपथप. मालकांनी बोट वर करायचं सोडून दिलं होतं. पण ती जागा जवळ आली की काकूंची थपथप आपोआप थांबायची. पिठाच्या हातांनीच त्या आपल्या बांगड्या कोपराकडं सारायच्या आणि एका हातानं घट्ट धरून ठेवायच्या, किणकिण येऊन परत जाईपर्यंत.